सनदेतली बाई, नोकरीतली बाई

माझ्या आईला दोन नावं होती आणि त्यातलं एकही मी इथं लिहिणार नाही. त्या नावांनी आम्हा मायलेकींचा इतका जीव काढला, की आता त्यांना छापून मोठं करायची माझी तयारी नाही. एक माहेरचं, एक सासरचं. आपल्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलतात. तबकात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, बायकांनी हसायचं, की झालं. पंधरा-सोळा वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती हाक त्या दिवसापासून बंद. याची नोंद कुणी कुठं करत नाही. काऊन करतील? सगळ्यांना ठाऊकच असतं.

हे 'सगळ्यांना ठाऊकच असतं' आमच्या मुळावर आलं.

आई नांदेडकडच्या मुधोळला मुलींच्या मराठी शाळेत मास्तरीण होती. मिडलची परीक्षा तिनं निजामाच्या राज्यात दिली, लग्नाच्या आधी. त्या सनदेवर उर्दूत माहेरचं नाव. नोकरी लागली लग्नानंतर, म्हणून नोकरीच्या पुस्तकात सासरचं नाव. नाव लिहून घेणाऱ्या कारकुनानं तेव्हा सनद पाहिली, आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, मांडीवरची मी पाहिली आणि ती सांगेल ते नाव लिहून घेतलं. माहेरचं सांगितलं असतं तर पोर कुणाचं, अशी गावात चर्चा झाली असती. ही दोन्ही नावं एकाच बाईची, अशी एक ओळ पुस्तकात टाकायला पाहिजे होती. ते ना त्या कारकुनाला सुचलं ना आईला. त्याच्या बायकोचंही नाव बदललेलंच असणार, त्यात लिहायचं काय!

आता त्या लग्नाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रझाकारांची धामधूम चालू होती. वयात आलेली पोरगी घरात ठेवायला बाप धजत नव्हते. आजोबांनी किनवटकडचं स्थळ गाठलं आणि पहाटेच्या पहाटे शेतातल्या देवळात अक्षता टाकल्या. माणसं दहा-बारा. पत्रिका नाही, वाजंत्री नाही, फोटोचं तर नावच नको. वर्षाच्या आत आई बाळंतपणाला माहेरी आली. मी जन्मले त्याच्या आगेमागे हिंदुस्थानची फौज आली, निजाम गेला, रस्ते बंद झाले, मग उघडले. रस्ते उघडले तरी आईला न्यायला कुणी आलं नाही. आजोबांनी माणूस पाठवला तेव्हा कळलं, की त्या गृहस्थांनी दुसरं लग्न केलं. आजोबांनी ते मनाला लावून घेतलं आणि दोन वर्षांत गेले. लग्न लावणारे भटजी त्यांच्याही आधी गेले होते. मागं उरलो आम्ही दोघी आणि आईची नोकरी. तीच आमची भाकर, तेच आमच्या डोक्यावरचं छप्पर आणि तीच गावातली आमची इज्जत.

मग छप्पन साली राज्यांची फोडाफोड झाली. मुधोळ नांदेड जिल्ह्यातून काढून आदिलाबादेत घातलं आणि किनवट आदिलाबादेतून काढून नांदेडात. पत्ते पिसावे तसे तालुके पिसले. माझे जन्मदाते होते तो मुलूख मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात. कुणी आम्हाला विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी आम्ही काय सांगणार होतो?

नव्या राज्यानं सगळ्या जुन्या नोकरांच्या कागदांची तसदीक, म्हणजे तपासणी काढली. आमच्या शाळेवर साहेब आला तो खाली समुद्राकडचा, कृष्णा-गोदावरी जिल्ह्यांतला. पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध, आवाज हळू. मराठी शून्य, हिंदी तोडकी. त्याच्याबरोबर जुन्या अमलातला एक म्हातारा पेशकार होता. तो दखनी बोलायचा आणि आमचं मराठी त्याला कळायचं. साहेबानं आईचं पुस्तक उघडलं, शेजारी सनद ठेवली आणि पेशकाराकडून वाचून घेतली. मी दाराशी उभी होते.

"ये सनदवाली बाई किधर है?" साहेबानं विचारलं.

"मीच," आई म्हणाली.

"और ये नोकरीवाली?"

"ती पण मीच."

साहेबानं चष्मा काढला. "ओक्क मनिषि, रेंडु पेर्लु?" एक माणूस अन् दोन नावं, असं तो म्हणत होता हे मला शाळेतल्या पोरींमुळं कळलं. पेशकार मधे पडला, "साहब, इन लोगां में शादी के बाद नाम बदलता."

साहेब म्हणाला, आमच्याकडं आडनाव बदलतं, माणूस कसा बदलेल? तो वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी मला त्याच्या टेबलावरची दौत त्याच्या शर्टावर ओतावीशी वाटत होती. त्यानं समजावून सांगितलं, की मेलेल्या बहिणीच्या, पळून गेलेल्या भावाच्या सनदेवर लोक नोकऱ्या करून राहिलेत, त्याला रोज असे सापडतात. हे दोन्ही एकच माणूस आहे असं सांगणारा घरातला माणूस आणा आणि काहीतरी लेखी आणा. तीन आठवड्यांनी आदिलाबादला, जिल्ह्याच्या कचेरीत. नाही आणलं तर नोकरी गेली. वर दुसऱ्याच्या सनदेवर नोकरी केली म्हणून फौजदारी.

फौजदारी हा शब्द मला तेव्हा कळत नव्हता. पण आईनं खडू टेबलावर ठेवला तो तीनदा खाली पडला, एवढं मी पाहिलं.

मग ते तीन आठवडे सुरू झाले. आई शाळेत जायची, शिकवायची, मधेच फळ्याकडं तोंड करून उभी राहायची. लग्नाला आलेली माणसं तिनं एकेक करून हुडकली. एक मेलेलं, एक वऱ्हाडात गेलेलं, ठिकाण कुणाला माहीत नाही. एक म्हातारी सापडली, तिला दिसत नव्हतं आणि आठवत तर त्याहून नव्हतं. गावातले लोक म्हणायचे, "बाई, आमाला ठाऊक आहे की!" पण कचेरीत येऊन अंगठा द्यायचा म्हटलं की त्यांच्या कपाशीचं काम निघायचं, बैल आजारी पडायचा. मला राग यायचा. आई म्हणायची, "त्यांनी लग्न पाह्यलं का? खोटं काऊन सांगतील?"

शेवटी एकच दिवस राहिला तेव्हा तिनं ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं. "आपण किनवटला जाऊन राह्यलो," ती मला म्हणाली. "कोणी काही बोललं तर तू उलटून बोलायचं नाही. तुझी जीभ आवर." जीभ माझी तेव्हापासूनच तिखट.

बासरला गाडीत बसलो, मुदखेडला बदलली. किनवट आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घर विचारत विचारत गेलो. माझे जन्मदाते एका सरकारी कचेरीत कारकून होते, नुकतेच घरी आलेले, ओट्यावर पाय धूत बसले होते. मी बाप पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं होतं उंच असेल. आमच्या शाळेच्या शिपायाएवढाच होता.

त्यांनी आईला ओळखलं. चेहरा असा पडला, की ओळखलं नाही म्हणायची सोयच उरली नाही. "काय काम आहे?" एवढंच विचारलं. बसा म्हटलं नाही. आई आपणहून ओट्याच्या कडेला टेकली आणि पदर सावरून सगळं सांगून टाकलं. मला काही नको, नांदायला आले नाही, पोरीसाठी काही मागत नाही. एक कागद लिहून द्या, की अमुक नावाच्या मुलीशी माझं लग्न झालं आणि तिचं नाव मी अमुक ठेवलं. बस्स.

 मग आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी हाक मारली, पाणी आण म्हणून. हाक आईच्या नावानं होती. सासरच्या.

आई चटकन उठून उभी राहिली. दहा वर्षांनी त्या आवाजात ती हाक आली होती, पाय आपोआप उठले असणार. आणि त्याच हाकेला आतून दुसरी बाई तांब्या घेऊन बाहेर आली.

दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. मला काही कळेना. मी म्हणून गेले, "आई, हिचं नाव पण तुझंच?" आईनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला, की तिथं निळं झालं. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि तांब्या पुढं केला. आईनं पाणी प्यायच्या आधी तांब्याच्या गळ्यावरची ठोकलेली अक्षरं बोटानं चाचपली.

"मी असं काही लिहून देऊ शकत नाही," ते म्हणाले. "आमची पण तसदीक चालू आहे. फॉर्मात मी एकच बायको लिहिली आहे. नवा कायदा आला, दोन बायकांच्या माणसाला जेल आहे. तुमच्या नोकरीपायी मी माझी घालवू?"

"ते लग्न कायद्याच्या आधीचं आहे," आई म्हणाली. "कायदा मागच्याला लागत नाही. मी विचारून आले."

"मग ज्याला विचारलं त्याच्याकडूनच कागद घ्या."

 निघताना तिनं त्या बाईला रिकामा तांब्या परत दिला आणि म्हणाली, "बाई, पाणी गोड होतं." मला इतका संताप आला, की वाटेत मी एक दगड उचलून त्या घराच्या दिशेनं भिरकावला. लागला कुणालाच नाही.

स्टेशनाच्या मुसाफिरखान्यात थांबलो. आई म्हणाली, सकाळच्या गाडीनं आदिलाबादला जाऊ, साहेबाच्या पाया पडू. मी विचारलं, "पाया पडल्यावर नोकरी राहते का?" ती म्हणाली, "राहत नसते."

सकाळी गाडीला अजून वेळ होता, तेवढ्यात ती बाई फलाटावर आली. काखेत पितळेची मोठी परात, कापडात गुंडाळलेली. आल्या आल्या आईला म्हणाली, "ताई, मला सांगितलं होतं पहिली बाळंतपणात मेली. काल मेलेली बाई माझ्या हातचं पाणी पिऊन गेली." आणि रडायला लागली. आई कोरडीच होती, तिनंच तिला बाकड्यावर बसवलं.

मग तिनं सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं. सासू म्हणाली, भांड्यांवर हेच नाव आहे, पुन्हा कोण खोडत बसेल, हेच ठेवू. "मला वाटलं, माझ्यासाठीच आधीपासून घालून ठेवलं," ती म्हणाली. "माहेरी जाऊन फुशारकी मारली मी! सासर इतकं हौशी आहे म्हणून." तिनं परात उघडली. "हिच्यावर दोन ओळी आहेत. बाकीच्यांवर एकच. मला वाचता येत नाही. काल तुमी अक्षरं चाचपून राह्यल्या तवा मला ही आठवली. वाचा ना, काय आहे?"

आईनं वाचलं. वरची ओळ आजोबांनी लग्नाआधी घालून घेतलेली: 'कन्या' अन् पुढं माहेरचं नाव, 'हिस वडिलांकडून'. खालची ओळ सासरी गेल्यावर घातलेली, वेगळ्या हाताची: 'म्हणजेच सौ.' अन् पुढं सासरचं नाव, खाली लग्नाची तिथी. सासरा हिशेबी माणूस होता, उद्या सुनेचं माहेर परात परत मागेल म्हणून त्यानं ती ओळ घालून घेतली होती. आई ती दोन नावं पाहत राहिली. लेखी पाहिजे होतं ना साहेबाला? हे घ्या लेखी.

"घेऊन जा," ती बाई म्हणाली.

"नुसती परात कचेरीत कोण मानेल?" आई म्हणाली. "कुठून आणली, कोणाची, हे सांगणारं माणूस लागतं. घरातलं."

ती बाई परात पुन्हा कापडात गुंडाळायला लागली. गाडी सिग्नलला येऊन उभी होती, इंजिनाचा आवाज येत होता. "मी शेजारणीला सांगून आले, परातीला कल्हई लावून आणते," ती हळूच म्हणाली. "लेकरं तिच्याकडं आहेत. हे संध्याकाळी कचेरीतून येतात. त्याच्या आत परत येता येईल का ताई?"

"येईल," आई म्हणाली. येईल का नाही, हे तिला काय ठाऊक! पण तिनं येईल म्हटलं. त्याचा राग मला पुढं कितीतरी वर्षं होता. मग मी स्वतः नोकरीला लागले तेव्हा गेला.

आदिलाबादच्या कचेरीत आम्हाला दुपारी उशिरा आत बोलावलं. तोपर्यंत ती बाई दर थोड्या वेळानं ऊन कुठवर आलं ते बघून येत होती. साहेबानं परात दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेली. पेशकारानं मराठी अक्षरं वाचून दाखवली. साहेबाचा चेहरा जरा सैल झाला.

"ये परात किस के घर की?" पेशकारानं दखनीत विचारलं. "तुम्हारा इस मास्तरनी से रिश्ता क्या?"

त्या बाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. कचेरीत बाकीचे कारकून मान वर करून ऐकायला लागले होते.  मग ती म्हणाली, "सवत."

तेलुगूतही ते जवळपास तसंच म्हणतात. साहेबाला तरजुमा लागला नाही. एक कारकून फिसकन हसला, साहेबानं त्याच्याकडं बघितल्यावर गप्प बसला.

"नाम?" पेशकारानं टाक शाईत बुडवला.

तिनं सांगितलं. दुसरं काय सांगणार? जे होतं तेच सांगितलं. आईचं. परातीवरचं.

पेशकाराचा टाक तसाच राहिला. साहेबानं परात टेबलावर आदळली. आता मात्र त्याचा आवाज चढला. परातीवर हे नाव आहे, परात या बाईच्या घरातली आहे, या बाईचं नाव तेच आहे. म्हणजे सनद या बाईची! परातीनं हीच गोष्ट शाबीत होते. मग ही दुसरी कोण? तो आईकडं बोट दाखवून विचारत होता.   आमचा एकुलता एक पुरावा आमच्यावरच उलटला होता. मला वाटलं आता पोलीस येणार, आईला धरून नेणार, आणि मी तिच्या पदराला दोन्ही हातांनी लोंबकळले.

"हिला लिहून दाखवायला सांगा," आई एकदम म्हणाली. मग स्वतःच थांबली. त्या बाईकडं वळली. "सांगू का गं?"

ती बाई आधी समजली नाही. मग समजली. आणि तिनं साहेबासमोर, त्या सगळ्या बाप्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं, "मला लिहिता येत नाही. मी शाळेचं दार पाह्यलं नाही. मिडल पास झालेली ती, मी नाही. लावा माझा अंगठा, काय लावायचा तो."

साहेबानं तरी तिच्या पुढ्यात कागद-टाक ठेवला. तिनं टाक मुसळ धरावं तसा मुठीत धरला. कागदावर शाईचा एक डाग पडला, बाकी काही नाही. तो डाग माझ्या आईची नोकरी वाचवून गेला.

"लग्नाच्या आधी तुझं नाव काय होतं?" पेशकारानं या खेपेला मराठीतच विचारलं. गडी हुशार, कागदावर दोन सारखी नावं त्याला नको होती. तिनं सांगितलं. इतक्या वर्षांनी सांगत होती, दोनदा सांगावं लागलं. ते नावही मी इथं लिहिणार नाही, पण सांगते, की तिघींच्या नावांत ते सगळ्यात गोड होतं. पेशकारानं ते साक्षीदार म्हणून लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला. साहेबानं लाल शाईनं आईच्या पुस्तकात दोन नावांच्या मधे 'ऊर्फ' लिहिलं, सही केली आणि म्हणाला, "वेळ्ळंडम्मा." जा म्हणून. त्यानं परात स्वतः उचलून त्या बाईच्या हातात दिली, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

गाडी उशिरा सुटली. त्या बाईला बसवत नव्हतं, ती डब्याच्या दारात उभी. आई म्हणाली, "माझ्याकडं चल. एक भाकर आहे, अर्धी अर्धी खाऊ." मनापासून म्हणाली. ती बाई म्हणाली, "दोन लेकरं आहेत ना ताई तिथं." किनवट आलं तेव्हा सूर्य टेकडीला लागला होता. फलाटावर ते दिसले नाहीत. ती उतरली, परात डोक्यावर घेतली आणि जवळजवळ पळतच निघाली. उन्हाची तिरीप परातीवर पडली तेव्हा आई किंचाळली, "अगं बाई! कल्हई!"

परात सकाळी गेली तशीच काळी परत चालली होती. आदिलाबादेत कल्हईवाला नसेल का? पण आम्हा तिघींच्याही ध्यानात आलं नाही. आईनं खिडकीतून हाका मारल्या. कोणत्या नावानं मारल्या असतील? आधी सासरच्या, मग त्या नुकत्याच कळलेल्या. बाईनं मागं पाहिलं नाही, गाडी निघालेली होती.

पुढं आई सव्वीस वर्षं त्याच पुस्तकावर नोकरी करून निवृत्त झाली. लोक म्हणतात, सुटलात बाई. सुटलो आम्ही, हो. पण त्याच आठवड्यात आईनं किनवटला पत्र घातलं. पाकिटावर त्या बाईचं माहेरचं नाव लिहिलं. आत फक्त विचारलं होतं, कशी आहेस, कल्हईचं काय झालं. दहा-बारा दिवसांनी पत्र परत आलं. फोडलेलं आणि पुन्हा चिकटवलेलं. पाकिटावर लिहिलं होतं: 'या नावाची कोणी बाई येथे राहत नाही.' अक्षर पोस्टमनचं नव्हतं. आईनं ते अक्षर लग्नानंतर वर्षभर पाहिलं होतं.

ती रडली नाही. त्याच दिवशी दुसरं पाकीट घेतलं आणि त्यावर सासरचं नाव लिहिलं, म्हणजे स्वतःचंच. आत काय लिहिलं ते मला पाठ आहे, कारण चिकटवायला तिनं माझ्याकडं दिलं आणि मी आधी वाचलं. 'तिला वाचता येत नाही, म्हणून हे तुमीच वाचून राह्यले हे मला ठाऊक आहे. तिचं खरं नाव आता सरकारी कागदावर आहे, माझ्या नावाच्या खाली. तुमची पहिली बायको जिवंत आहे, हे पण त्याच कागदावर आहे. तिच्या अंगाला हात लावला तर तो कागद घेऊन मी तुमच्या कचेरीत येऊन बसेन. माझी नोकरी गेली तरी येईन.'

हे पत्र परत आलं नाही. त्याचं उत्तरही आलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने पोस्टमनची सायकल दिसली, की आई शिकवणं अर्ध्यात टाकून शाळेच्या दारात येऊन उभी राहायची, आणि वर्गातल्या आम्ही पोरी तोवर पाढे म्हणत बसायचो.